साथीला बसणाऱ्याचं गाणं

१० जानेवारी २०२५ रोजी रिंगो स्टारचा ‘लुक अप’ हा अल्बम आला, तेव्हा त्याचं वय ८४ होतं. बीटल्सचा ड्रमर म्हणून जग ज्याला ओळखतं, त्याने हा अख्खा, अकरा गाण्यांचा अल्बम कंट्री आणि रूट्सच्या वळणाने गायला, हे कळल्यावर अनेकांच्या मनात शंका आली असेल. आदल्याच वर्षी बियॉन्सेने आणि पोस्ट मलोनने कंट्रीची वाट धरली होती. या संगीताला तेजी आली आहे, मग उतारवयातल्या रॉक कलावंतानेही त्यात हात धुऊन घेतले असतील, असं वाटणं अगदीच गैर नाही. पण त्याची साठ वर्षांची कारकीर्द समोर ठेवली की ही शंका टिकत नाही. कंट्री हा रिंगोचा मूळचा पिंड आहे, आणि रॉकमध्ये त्याला जी थोरवी मिळाली तीही याच पिंडामुळे मिळाली, असं माझं ठाम मत आहे.

पुरावा लिव्हरपूलपासूनच सुरू होतो. हे बंदराचं गाव. अमेरिकेच्या बोटींवर काम करणारे खलाशी तिकडच्या तबकड्या घरी आणत, त्यामुळे इथे कंट्री चांगलंच रुजलं होतं. लहानग्या रिचर्ड स्टार्कीचा पहिला गाता नायक म्हणजे पडद्यावरचा काउबॉय जीन ऑट्री. पुढे त्याने घेतलेल्या ‘रिंगो’ या नावालाही बोटांतल्या अंगठ्यांइतकाच काउबॉयपटांचा वास आहे. ऐन तारुण्यात तर त्याने टेक्सासमधल्या ह्यूस्टनला कायमचं जायचं ठरवून चौकशीही केली होती, कारण लाइटनिन हॉपकिन्स हा ब्लूज गायक तिथे राहत होता. १९६५ साली बीटल्सच्या ‘हेल्प!’ अल्बममध्ये त्याने गायलेलं ‘अ‍ॅक्ट नॅचरली’ हे कॅलिफोर्नियातल्या बक ओवेन्सने गाजवलेलं अस्सल कंट्री गाणं. आणि १९६८ साली त्याने स्वतः एकट्याने रचलेलं पहिलं गाणं बीटल्सच्या अल्बमवर आलं, ‘डोन्ट पास मी बाय’, त्यात कुरकुरणारं फिडल आहे. चौघांपैकी प्रत्येकाने अमेरिकेकडून काही ना काही उचललं. रिंगोने वारंवार हेच उचललं.

मात्र खरा पुरावा त्याच्या ड्रममध्ये आहे. रिंगो डावखुरा, पण ड्रम उजव्या हाताच्या मांडणीचे वाजवतो. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचे हात किंचित वेगळ्या वाटेने जातात आणि त्याच्या भरीच्या जागा दुसऱ्या कुणाच्या वाटत नाहीत. या जागाही तो गायकाचा शब्द संपल्यावरच घेतो. आपल्याकडे उत्तम तबलजीबद्दल जाणकार म्हणतात की तो गाण्याला जागा देतो. रिंगोची सगळी कला त्या एका वाक्यात मावते. कंट्री हे मुळात शब्दांचं, गोष्टीचं गाणं. तिथे ताल करणाऱ्याने ठेका नेटका धरायचा आणि गोष्टीच्या आड यायचं नाही, एवढीच अपेक्षा. लांबलचक ड्रम सोलोचा रिंगोला कायम कंटाळा, हा योगायोग नव्हे.

या संगीतातलं पेडल स्टील गिटार तर वेगळ्या लेखाचाच विषय आहे, पण त्याला ओलांडून पुढे जाणं शक्य नाही. चौकटीवर आडवं ठेवलेलं हे वाद्य. बहुधा दहा तारा, डाव्या हातात पोलादाची कांडी, उजव्या हातात नख्या, पायाखाली पेडल आणि गुडघ्याशी खटके. तार छेडून झाल्यावर, ती गुंजत असतानाच, पेडल दाबून तिचा स्वर चढवता येतो, तोही शेजारची तार जागची न हलवता. म्हणजे एक स्वर स्थिर, दुसरा त्याच्याकडे सरकत येणारा. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. या वाद्याचं मूळ हवाईतल्या आडव्या गिटारमध्ये. जोसेफ केकुकूचं नाव त्याचा जनक म्हणून घेतात. तेच हवाईयन गिटार आपल्याकडे येऊन वॅन शिप्लेंच्या हातून हिंदी चित्रपटगीतांत गेलं आणि पंडित ब्रिजभूषण काबरांच्या हातून रागसंगीतात. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये पेडल स्टीलचा एक बादशहा होता पीट ड्रेक. १९७० साली तो बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या अल्बमसाठी लंडनला आला, तेव्हा रिंगोच्या गाडीत त्याला कंट्रीच्या कॅसेट दिसल्या. ‘नॅशव्हिलला या’ म्हणून त्याने गळ घातली, गाणी जमवली आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत रिंगोचा ‘बूकूज ऑफ ब्लूज’ हा कंट्री अल्बम ध्वनिमुद्रित झाला. एल्विसचा गिटारवादक स्कॉटी मूर ध्वनिमुद्रणाला, एल्विसचाच डी. जे. फॉन्टाना ड्रमवर. विक्री बेताचीच झाली. पण कंट्रीला तेव्हा आजच्यासारखी जागतिक तेजी नव्हती. बाजाराचा वास घेणारा माणूस त्या वर्षी तिकडे गेला नसता.

इथे एक वजनदार आक्षेप येतो: प्रेम इतकं खरं होतं, तर मग दुसरा कंट्री अल्बम यायला ५४ वर्षं का लागली? याचंही उत्तर साथीदाराच्या स्वभावातच सापडतं. रिंगोने स्वतः गाणी फार रचली नाहीत. त्याला नेहमी कुणीतरी गाणं आणून द्यावं लागतं. १९७० मध्ये ते ड्रेकने आणलं. २०२२ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन हिच्या कवितासंग्रहाच्या कार्यक्रमात त्याची टी बोन बर्नेटशी गाठ पडली आणि ‘माझ्यासाठी एखादं गाणं लिही’ असं तो सहज म्हणाला. बर्नेट म्हणजे लेड झेपलिनच्या रॉबर्ट प्लांटला अ‍ॅलिसन क्राउसच्या जोडीने ‘रेझिंग सॅंड’ गायला लावणारा निर्माता. त्याने एकाऐवजी नऊ गाणी आणली. छोटी ध्वनिमुद्रिका करायच्या बेतात असलेल्या रिंगोने मग पूर्ण अल्बम केला. बिली स्ट्रिंग्ज आणि मॉली टटल ही ब्लूग्रासमधली तरुण मंडळी साथीला आली.

त्याचा गळा मर्यादित आहे हे मान्यच. वरच्या पट्टीत तो जात नाही, आणि अल्बममधली एकदोन गाणी गुळमुळीतही वाटतात. पण ‘टाइम ऑन माय हॅंड्स’मध्ये तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि त्याने सोडलेल्या पोकळीत पेडल स्टील सरकत येतं, तेव्हा याहून मोठा गळा तिथे अडचणच झाला असता असं वाटतं. शिवाय १९७० मध्ये तो नॅशव्हिलला मुख्यतः पाहुणा गायक म्हणून गेला होता. या वेळी ड्रमवरही तोच आहे. म्हणून मला हा अल्बम आधीच्यापेक्षा जास्त त्याचा वाटतो.

इंग्रज माणसाचा या संगीतावर हक्क काय, असं विचारणाऱ्यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरातली जुनी कथागीतं पाहावीत. लोकगीतं गोळा करणारा इंग्रज सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात तिथे हिंडला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये विरत चाललेली गाणी डोंगरी घरांत जिवंत सापडली. फिडल ब्रिटनमधूनच तिकडे गेलं, बॅंजो आफ्रिकेतून आलं. उलट, या संगीताने ज्याला सर्वांत उशिरा घरात घेतलं तो ड्रमच. नॅशव्हिलचं रायमन ऑडिटोरियम १९४३ ते १९७४ ग्रॅंड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमाचं घर होतं, आणि त्यातला बराच काळ तिथे पूर्ण ड्रमसेटला मज्जाव होता. २०२५च्या जानेवारीत त्याच रंगमंचावर रिंगोने लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम केला.