आजोबांची वेब्ली

कपाटात सापडलेली जुनी वेब्ली चालती होईल का, हा आजचा प्रश्न.

ब्रिटिश सैन्यानं 'मार्क सहा' १९१५ साली घेतली. चाप ओढला की 'पॉल' नावाचा छोटा तुकडा सिलिंडरच्या मागचे दाते ढकलतो आणि पुढचं घर नळीसमोर येतं. पॉलचं टोक केसभर झिजलं, की घर नळीच्या रेषेत पुरतं येत नाही. गोळी नळीच्या काठाला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभा असलेलाही जखमी होतो. नवा पॉल मिळाला तरी तो कानशीनं घासून त्याच रिव्हॉल्वरला बसवावा लागतो.

आमच्या फरीदाबादेत लेथवाले भरपूर. कुणीही असला तुकडा काढून देईल. देऊ नका! शस्त्र कायदा, १९५९, कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. आणि 'जुनं आहे, बंद आहे' ही सबब फार चालत नाही. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. तुमचं फक्त पॉल झिजलेलं रिव्हॉल्वर त्यात बसत नाही. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर गेला. वारसानं ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पावती घ्या, स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करा. पॉलचं नंतर बघू.