तिसऱ्या पायरीवरचा माणूस

मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते आणि पिंपरी-चिंचवड सुरू होतं. इथल्या महाविहारात त्रिरत्न बौद्ध महासंघ मैत्रीभावनेचं ध्यान शिकवतो. इंग्लंडहून आलेल्या लोकमित्रांनी १९७९ साली पुण्यातून या कामाची उभारणी केली. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ला, बाबासाहेबांनी याच पट्ट्यातल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. या ध्यानात साधक आधी स्वतःचं भलं चिंततो, मग जिवलगाचं, मग तटस्थ माणसाचं, त्यानंतर ज्याच्याशी वैर आहे त्याचं आणि शेवटी सगळ्या जीवांचं. शत्रूची पायरी सर्वांत अवघड, असं साधारण मानलं जातं. मला मात्र इथल्या औद्योगिक पट्ट्यात खरी कसोटी तिसऱ्या पायरीची वाटते. शत्रूचं निदान नाव तरी ठाऊक असतं. चाकणच्या कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र बघणारा वॉचमन किंवा लाइनवर शेजारी उभा असलेला, कंत्राट संपताच बदलणारा हेल्पर यांच्याविषयी मनात ना राग असतो, ना लोभ. ते दिसतच नाहीत.

न दिसणारा माणूस दिसू लागणं, ही सरावाने येणारी गोष्ट आहे का? अमेरिकेत २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुबड्या घेतलेली बाई भरलेल्या प्रतीक्षाकक्षात येते आणि शेजारी बसलेले मुद्दाम ढिम्म राहतात. आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी तिला खुर्ची दिली. न शिकलेल्यांत हे प्रमाण सहात एकाच्या आसपास होतं. (पीएमपीच्या बसमध्ये हा प्रयोग आपण रोज बघतो, फक्त मोजत नाही.) तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांना आढळलं, की दुसऱ्याच्या दुःखाशी नुसतं समरस होण्याचा सराव माणसाला खचवतो आणि करुणेचा सराव त्याला सावरतो. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलं आहे, कारण तो करुणेसारखाच दिसतो. रडू येणं म्हणजे करुणा नव्हे, हे त्या परंपरेला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी उमगलं होतं.

अर्थात हे प्रयोग लहान आहेत. २०१८मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं, की ध्यान शिकवणाराच शोधनिबंधाचा सहलेखक असला तरच करुणा वाढल्याचं ठळकपणे आढळतं. ध्यान हे हमखास औषध नाही, एवढं यातून मान्य करायला हवं. पण कोणताही सराव निरुपयोगी आहे, असं त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: कामगाराला कायम नोकरी हवी असताना त्याला शांत बसायला शिकवणं ही फसवणूक नाही का? ध्यानाचं शिबिर पगारवाढीच्या जागी ठेवलं, तर नक्कीच आहे. पण ज्यांनी हे ध्यान दापोडीत रुजवलं, ते बहुतांशी आंबेडकरी समाजातले आहेत, आणि हक्क सोडून दिलेल्यांची ती परंपरा नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब करुणेवर थांबत नाहीत, मैत्रीपर्यंत जायला सांगतात. दयेला वरचा आणि खालचा लागतो, मैत्रीला बरोबरीचे लागतात. म्हणून एखाद्या कंपनीने असं शिबिर भरवलंच, तर पहिल्या रांगेत कंत्राटी हेल्पर नकोत. तिथे त्यांच्या कंत्राटावर सही करणारे बसले पाहिजेत.