लगाम ओढला की म्होरकीही हलते

दत्तजयंतीच्या सुमारास शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथं लगामाला हिसका बसताना नीट पाहा. घोड्याची मान वळते, तशी गालावरची म्होरकीही सरकते. आपल्या डोळ्याचंही तसंच आहे. डोळा फिरवणारे सहा स्नायू म्हणजे त्याचे लगाम. त्यांतल्या दोघांचे धागे पापण्यांत गुंतलेले असतात.

तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढतात, ही भीती खोटी आहे. सर्जन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण उघडतो आणि स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतो. लगाम सैल झाला! किंवा तुकडा कापून स्नायू आखूड करतो, म्हणजे लगाम आवळला. डोळा आत-बाहेर नेणाऱ्या आडव्या स्नायूंवर काम झालं, तर पापण्यांत फारसा फरक पडत नाही. स्नायू सैल केला तर डोळा जरा टपोरा दिसतो, आखूड केला तर जरा बारीक.

उभ्या स्नायूंची गोष्ट वेगळी. डोळा खाली नेणाऱ्या स्नायूचं अस्तर थेट खालच्या पापणीत जातं. तो मागे नेला की पापणीही खाली ओढली जाते आणि बुबुळाखाली पांढरी कोर दिसू लागते. तो आखूड केला, तर पापणी वर चढते. डोळा वर नेणारा स्नायू पापणी उचलणाऱ्या स्नायूला चिकटून असतो. तो बराच मागे नेला, तर वरची पापणी ताणून वर जाऊ शकते. म्हणून सर्जन हे धागे आधी बेताने मोकळे करतात.

कधी उलटंही घडतं. डोळा खाली झुकलेला असला की वरची पापणीही त्याच्यामागे उतरते आणि घरचे म्हणतात, ‘पोराची पापणी पडली.’ अशा वेळी मुलाचा चांगला डोळा तळहाताने झाकून त्याला समोर बघायला सांगावं. दुसरा डोळा सरळ होताना पापणीही उचलली गेली, तर दोष बहुधा पापणीचा नसतो. म्हणूनच दोन्ही दुरुस्त्या करायच्या असतील, तर सहसा आधी तिरळेपणा, मग पापणी. थायरॉईडमुळे डोळे बटबटीत झालेल्या रुग्णांतही पापणीचं काम शेवटी ठेवतात.

तिरळा डोळा ‘लकी’ म्हणून वाट पाहण्यात मात्र तोटाच आहे. लहानपणी वापरात नसलेला डोळा आळशी होतो, आणि ती नजर नुसत्या ऑपरेशनने परत येत नाही. अंगणवाडीत किंवा आश्रमशाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, की पोराला पुढे करा आणि पापणीचंही सांगा.