एक बटण, दोन कान

ब्राउझरमध्ये खेळायच्या नेमबाजीच्या गेममध्ये बऱ्याचदा कंट्रोल दाबलं की आपला गडी खाली बसतो आणि डब्ल्यू दाबलं की पुढे सरकतो. बसून सरकायचं म्हणून दोन्ही एकदम दाबली, की अख्खा गेमच गायब! ब्राउझरच्या लेखी कंट्रोल आणि डब्ल्यू म्हणजे 'हा टॅब बंद कर', आणि त्याने ती आज्ञा इमानेइतबारे पाळलेली असते. इथे निदान काय झालं ते लगेच कळतं. पण सोबत्यांशी बोलायला मागे डिस्कॉर्ड, टीमस्पीक किंवा मम्बल चालू असेल, तर बटणांचं भांडण मुकाट्याने होतं. आपण 'मागे आहे, मागे!' म्हणून ओरडत राहतो आणि टीममधल्या कुणालाच ऐकू जात नाही. नाहीतर उलट, माइक उघडाच राहतो आणि घरातल्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांनी ऐकायच्या.

एरवी विंडोजचा नियम साधा आहे: जी खिडकी समोर, दाबलेलं बटण तिचं. गेम पडदाभर समोर असतो आणि बोलण्याचं सॉफ्टवेअर मागे. 'पुश-टू-टॉक', म्हणजे बटण दाबून धरू तेवढाच वेळ माइक चालू, ही सोय हवी असेल तर मागच्याला पुढच्याचं बटण चोरून ऐकावं लागतं. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

चोरून न ऐकता रीतसर मागायचीही सोय विंडोजमध्ये आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी एखादा प्रोग्राम बटणांची एखादी जोडी स्वतःच्या नावावर करून ठेवतो. मग तीच जोडी दुसऱ्याने मागितली तर नकार मिळतो आणि समोरच्या गेमपर्यंत ती पोहोचतच नाही. एखादा शॉर्टकट गेममध्ये काही केल्या चालत नाही, तेव्हा त्यावर बहुधा कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो. पण पुश-टू-टॉकला ही सोय अपुरी पडते, कारण विंडोज इथे बटण दाबल्याची वर्दी देते, सोडल्याची नाही. सोडल्याचं कळलं नाही तर माइक बंद कधी करायचा?

म्हणून अशी सॉफ्टवेअर्स दुसऱ्या वाटा धरतात. एक 'हुक'ची: दाबलेलं प्रत्येक बटण आधी हुक लावून बसलेल्या प्रोग्रामांकडून फिरून येतं. शेवटी आलेल्याला ते पहिल्यांदा मिळतं, आणि त्याने पुढे पाठवायचं की गिळायचं हे त्याच्यावर. उत्तर द्यायला त्याने वेळ लावला, तर विंडोज ७ पासून पुढच्या आवृत्त्या तो हुक गुपचूप काढून टाकू शकतात आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी वाट कीबोर्डकडून येणाऱ्या कच्च्या संदेशाची प्रत घेण्याची. यात कुणी कुणाला अडवत नाही, पण बटण दोघांनाही ऐकू जातं. व्ही दाबून माइक उघडावा आणि गेममध्ये व्हीवर जे काही ठेवलं असेल तेही त्याच क्षणी घडावं, असा प्रकार. गेमच्या चॅटमध्ये काही टाइप करायला गेलं तरी प्रत्येक व्हीला माइक चालू-बंद होतो.

मागे बसून सगळी बटणं ऐकणं हे पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरचंही काम आहे. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम या बाबतीत दिवसेंदिवस कडक होत गेल्या. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या खिडकीत डोकावता येत नाही. गेम 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालू केला आणि डिस्कॉर्ड साधं, तर डेस्कटॉपवर छान चालणारं पुश-टू-टॉक गेममध्ये शिरताच मुकं होतं. डिस्कॉर्डलाही तेच अधिकार द्या, हा यावरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय. चालतो तो, पण मला उलटा वाटतो. गेमला ते अधिकार मुळात लागतात का, हे आधी पाहावं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून असं ऐकण्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी लागते. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर मांडणारं वेलँड तर मागच्या प्रोग्रामला बटणं आपणहून ऐकूच देत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला एक खास त्रास येतो. विंडोजवर इंग्रजीबरोबर मराठी कीबोर्ड बसवलेला असेल, तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलू शकते. बोलायला ऑल्ट ठेवलं आणि धावायला शिफ्ट, तर ऐन चकमकीत मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू. डब्ल्यूच्या जागी तिथे ऐकाराच्या दोन मात्रा आहेत. काही गेम बटणाची जागा ओळखतात, त्यांचं काही बिघडत नाही. जे अक्षर वाचतात, त्यांच्यात मात्र आपला गडी खांबासारखा उभा राहतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन हा शॉर्टकट काढून टाकणं उत्तम. तिथवर गेलोच आहोत, तर शिफ्ट पाचदा दाबल्यावर उगवणारं 'स्टिकी कीज'ही बंद करावं.

कधी कधी दोष सॉफ्टवेअरचा नसतोच. कीबोर्डच्या आत तारांच्या आडव्या-उभ्या ओळी असतात आणि त्या जिथे छेदतात तिथे बटण. एखाद्या आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली गेली, तर विजेला आडवाट मिळते आणि चौथ्या कोपऱ्यावरचं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. महागड्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला डायोड लावून ही आडवाट बंद करतात. स्वस्तातला कीबोर्ड अशा वेळी शेवटचं बटण सरळ नाकारतो. मग तक्रार ऐकायला विचित्र वाटते: 'डावीकडे पळतानाच माझा आवाज जात नाही.' नोटपॅड उघडून डब्ल्यू आणि ए दाबून धरा आणि बोलण्याचं बटण दाबा. अक्षर उमटलं नाही तर दुसरं बटण शोधा. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट यांना बरेच कीबोर्ड वेगळ्या ओळी देतात. यूएसबीच्या साध्या संदेशातही सहा बटणांच्या मर्यादेबाहेर त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली असते.

तरीही खरी टंचाई बोटांची आहे. डब्ल्यू-ए-एस-डीची मांडणी १९९७ च्या सुमारास 'क्वेक'चा अव्वल खेळाडू थ्रेश याच्यामुळे रूढ झाली, आणि तेव्हापासून डाव्या हाताची तीन बोटं चालण्यात, करंगळी शिफ्ट-कंट्रोलवर, अंगठा स्पेसबारवर अडकलेला आहे. त्यात करंगळी आणि अनामिका यांचे स्नायुबंध एकमेकांशी बांधलेले, एक हलवलं की दुसरं थोडं हलतंच. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये बोलायला वर्षानुवर्षं के होतं. ते दाबायचं तर डावा हात चालणं सोडून कीबोर्डच्या पार उजव्या बाजूला न्यायचा. मोकळा सापडतो तो उजवा अंगठा. म्हणून माउसच्या कडेचं बटण ही माझी पहिली पसंती. माउसबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर त्या बटणाला एफ १३ करून टाकावं. आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांवर एफ २४ पर्यंत बटणं होती. आजच्या बहुतेक कीबोर्डांवर बाराच्या पुढची नाहीत, पण विंडोज अजून चोविसापर्यंत ओळखतं. ज्या बटणावर कुणाचाच दावा नाही, त्यावरून भांडण होत नाही.

बटण ठरलं तरी ते सोडायची घाई उरतेच. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. 'तो वर गेला नाही' म्हणताना बोट अर्ध्या सेकंदाने आधी सुटलं, तर टीमला 'तो वर गेला' एवढंच ऐकू येतं आणि सगळे जिन्याकडे धावतात. डिस्कॉर्डमध्ये बटण सोडल्यावरही माइक थोडा वेळ उघडा ठेवणारी 'रिलीज डिले'ची पट्टी आहे. ती थोडी पुढे सरकवावी. फार सरकवली, तर वाक्यानंतर पुटपुटलेल्या शिव्याही पोहोचतात.