अंगावरचे दूध की वरचे दूध?

नवजात मुलाच्या तोंडी काय घालावे, हा प्रश्न आपल्या आज्यांच्या काळी नव्हताच असे पुष्कळांस वाटते; पण ते खरे नव्हे. मधाचे बोट, बाळगुटी, पहिला चीक पिळून टाकण्याची चाल आणि बोंडल्याने पाजलेले वरचे दूध या गोष्टी डब्याच्या दुधाहून कितीतरी जुन्या आहेत. आज मात्र बाळंतिणीच्या एका बाजूस घरातील वडीलधाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूस दुकानातील डबा, आणि मध्ये डॉक्टर, परिचारिका व आशा सेविका अशी स्थिती आहे. या मधल्या मंडळींचे काम काय, ते पाहावयाचे आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे शेजारचे दोन तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. लोहमार्गावरील कर्जत, नेरळ, खोपोली या गावांतून नोकरदार स्त्रिया लोकलने मुंबईच्या बाजूस जातात. त्याच तालुक्यांतील डोंगराकडेच्या वाड्यांत ठाकूर व कातकरी लोकांची वस्ती आहे. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडी परततात. भट्टीवर स्वच्छ पाण्याची वाण. डबा महाग, म्हणून भुकटी थोडी व पाणी फार. अशाने मुलाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण वजन वाढत नाही, आणि दूषित पाण्याने जुलाब लागतात. तेथे अंगावरच्या दुधावर मुलाचा जीवच अवलंबून असतो.

गावातील असो की वाडीवरील, मातेची तक्रार बहुधा एकच असते: दूध पुरत नाही. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो तो चमचा-चमचाच. नवजात मुलास एका वेळी तेवढाच पुरतो. मूल जितके ओढील तितके दूध उतरते. उलट, भीतीने बाटली दिली की ओढणे कमी व दूधही कमी. येथे मातृदुग्धाच्या थोरवीवरील व्याख्यानाने पान्हा फुटत नाही. परिचारिकेने जवळ बसून मुलाचे तोंड पुरते उघडले आहे काय, केवळ बोंडी नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात गेला आहे काय, हे पाहावे लागते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मूल दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी करीत असेल, आणि आरंभी उतरलेले वजन सुमारे दोन आठवड्यांत भरून आले, तर दूध पुरते आहे असे समजावे. वजनकाट्याने सासूबाईंचेही समाधान होते!

भारतात १९९२ साली झालेल्या व २००३ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने डब्याच्या दुधाची व बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि वैद्यकीय मंडळींस नजराणे यांस बंदी आहे. विक्रीस मात्र बंदी नाही, ते योग्यच. काही मातांस खरोखर दूध येत नाही, काहींस औषधामुळे पाजता येत नाही, काही विचारपूर्वक निराळा मार्ग पत्करतात. अशा मातेस अपराधी ठरविणारा डॉक्टर आपले अर्धे काम टाकून देतो. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेले पाणी गरम असतानाच वापरावे, माप डब्यातील चमच्याचेच घ्यावे, दूध पाजण्याइतके निववून बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे, उरलेले टाकून द्यावे, हे तिला करून दाखविले पाहिजे. अकाली जन्मलेल्या मुलासाठी दात्या मातांचे दूध हाही एक मार्ग आहे. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात उघडली.

नोकरदार मातेस, दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत, २०१७ सालापासून पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पुढे दूध पिळून ठेवण्याची रीत तिला रजा संपण्याआधीच शिकविली पाहिजे. भट्टीवरील मातेस अशी रजा कोठली? रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा सेविकेने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जावे असा क्रम आहे. पण कुटुंब मध्येच भट्टीवर गेले की नाव वाडीच्या नोंदवहीत राहते आणि मूल परमुलखात. निघण्यापूर्वी आशा सेविकेने भट्टीचे गाव विचारून तेथील सेविकेस कळविले, तर उरलेल्या भेटी तेथे होऊ शकतील.