सात रुपयांत हरवलेले पुस्तक

दसरा झाला की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात आणि वर्षानुवर्षे गाडून ठेवलेली पापे शिडीवरून खाली उतरतात. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावरून एक गळका पितळी बंब, मुलांच्या लहानपणचे आकाशकंदिलाचे सांगाडे आणि तांबड्या कापडी बांधणीचे एक जाडजूड पुस्तक खाली आले. सौ.ने फडक्याने धूळ झटकली, पहिले पान उघडले, शिक्का वाचला आणि विचारले, "अहो, हे तुमच्या कॉलेजचं ना?"

होते खरे. आमच्या भागातल्या एका जुन्या संस्थानचा तो वार्षिक कारभाराचा अहवाल. पाऊस किती पडला, सारा किती वसूल झाला, शाळा किती, दवाखाने किती, असल्या तक्त्यांनी भरलेला. मी इतिहासाचा प्राध्यापक. २००१ साली पीएच.डी.च्या कामासाठी तो घरी आणला. ग्रंथपालांची दोन स्मरणपत्रे आली. दोन्ही वेळा "शोधतो" म्हणालो. २०११ मध्ये निवृत्त होताना 'ग्रंथालयाचे येणे बाकी नाही' असा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शनचे कागद पुढे सरकेनात. तेव्हा "पुस्तक हरवले" असे लिहून दिले. दाखल नोंदवहीत किंमत होती साडेतीन रुपये, आणि नियम होता दुपटीचा. सात रुपये भरले आणि सुटलो.

"सात रुपयांत?" सौ. म्हणाली. "आणि दंड?"

"प्राध्यापकांना दंड नसतो."

"मग पुस्तकं परत कशाला येतील!"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बहुतेक महाविद्यालयांत मुलाला दोन-तीन पुस्तके आठवड्याभरासाठी मिळतात आणि एक दिवस उशीर झाला तरी खिशाला चाट बसते. प्राध्यापकाला दहा-पंधरा पुस्तके सबंध सत्राकरता मिळतात. सवलत चांगली आहे, अध्यापनाच्या तयारीसाठी ती हवीच. पण पाहता पाहता प्राध्यापकाच्या घरचे कपाट ही ग्रंथालयाची शाखाच होऊन बसते. फरक इतकाच, की या शाखेत वाचकाला प्रवेश नसतो!

दुसऱ्याच दिवशी पुस्तक पिशवीत घालून मी कॉलेजात गेलो. ग्रंथपाल आता नव्या, एक तरुण बाई. रागावतील अशी भीती होती, पण त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "सर, याची आपल्याकडे एकच प्रत होती."

मग हळूहळू बाकीचे कळले. माझ्याच जागी आलेल्या तरुण प्राध्यापिकेचा प्रबंध याच संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणावर होता. अहवालांसाठी ती तीनदा मुंबईला गेली होती, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे तेथे. बाकीच्या वर्षांचे अहवाल मिळाले. हे वर्ष मिळाले नाही. तक्त्यातला तो रकाना कोरा ठेवून तिने प्रबंध सादर केला.

मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो. तेथे एक तसबीर होती आणि तिच्याखाली पाच ओळी. पुस्तके वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. हे नियम शि. रा. रंगनाथन यांचे, १९३१ साली प्रसिद्ध झालेले. माझी बैठक नेमकी तिसऱ्या ओळीसमोर होती.

रंगनाथन हे मूळचे आमच्यातलेच, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवड्याभरातच कंटाळले. मुलांच्या गजबजाटात रमणाऱ्या माणसाला ते एकाकी काम सोसेना. परत शिकवायला घ्या म्हणून ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी समजूत घातली, की ठरल्याप्रमाणे आधी इंग्लंडला शिकून या, मग पाहू. तिथली ग्रंथालये डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र हा गणिती जो बदलला, तो ग्रंथालयांचाच होऊन राहिला. लंडनच्या एका दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली. तिचेच पुढे १९३३ साली कोलन वर्गीकरण झाले. त्यांच्या नावाने १२ ऑगस्टला आपल्याकडे ग्रंथपाल दिन पाळतात. त्या दिवशी हार घालायला मीही अनेकदा उभा होतो, आणि अहवाल घरी माळ्यावर होता.

बाईंनी चहा मागवला आणि संगणकावर आजची सोय दाखवली. प्रत्येक प्राध्यापकाला आता एन-लिस्ट योजनेतून स्वतंत्र परवलीचा शब्द मिळतो. त्यावर हजारो संशोधन-नियतकालिके घरबसल्या उघडतात. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था हे चालवते. 'शोधगंगा'वर देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध आहेत, आणि ते तर तुम्हाआम्हाला कोणालाही फुकट वाचता येतात. प्रबंध सादर करण्याआधी तो दुसऱ्याच्या लेखनाशी किती जुळतो हेही तपासले जाते. २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते.

"सगळे वापरतात?" मी विचारले.

बाई हसल्या. "परवलीचा शब्द सगळ्यांनी घेतलाय, सर."

त्या हसण्याने मला आमचे जुने ग्रंथपाल आठवले. नवी नियतकालिके आली की त्यांच्या अनुक्रमणिकांच्या झेरॉक्स काढून ते प्रत्येक विभागात पाठवीत. ज्याला जो लेख हवा असेल त्याने खूण करावी, तो मिळवून देणे त्यांचे काम. आपल्याकडे नसलेला लेख ते दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र लिहून मागवीत. मी मात्र रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला जाऊन, भावाकडे उतरून, दोन दिवस रजा खर्चून एकेक लेख हाताने उतरवून आणीत असे आणि त्याला संशोधन म्हणत असे. अनुक्रमणिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आमच्याकडे भाजीच्या याद्या होत. विचारले असते तर निम्म्या खेपा वाचल्या असत्या. पण ग्रंथपालाला विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणे, असे मला वाटे. वास्तविक या जागेलाही पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट लागते, वेतनश्रेणीही अध्यापकाच्याच बरोबरीची. तरी स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना "जरा ते पुस्तक काढून ठेवा" यापलीकडे काही बोलल्याचे स्मरत नाही.

एवढ्यात बाईंनी फोन लावला. पलीकडे ती प्राध्यापिका होती. प्रबंधाचे पुस्तक छापायला द्यायचे होते, रकाना अजून कोराच होता. बाईंनी पान शोधले आणि त्या वर्षीच्या मुलींच्या शाळांचा आकडा वाचून दाखवला. पलीकडून तो पुन्हा वाचायला सांगितले गेले. मग पान क्रमांक विचारला. कोणाकडून मिळाले, असेही विचारले असावे, कारण बाईंनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, "सापडलं हो, साफसफाईत."

पुस्तक बाद झालेल्या यादीतून काढून पुन्हा दाखल करावे लागेल, म्हणाल्या. ते पुन्हा ९५४च्या कपाटात जाईल. भरलेले सात रुपये परत मिळण्याची मात्र तरतूद नाही. मी मागितलेही नव्हते.

घरी आलो तर सौ. पुन्हा शिडीवर होती आणि जेवणाच्या टेबलावर तशाच शिक्क्याची आणखी तीन पुस्तके मांडून ठेवलेली होती.