अंजिराला पाणी पाजून मारू नका

पावसाळा सरत आला की बागकाम करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास येते. अंजिराची पानं पिवळी पडून गळतायत. रोज दोन वेळा पाणी घालतोय, शेणखत घातलं, मूठभर डीएपीही टाकलं, तरी झाड सुधरत नाही. बहुतेक वेळा झाड सुधरत नाही ते या उपचारांमुळेच. पान गळालं म्हणजे पाणी कमी पडलं, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की कुंडीखालच्या बशीत डास घालत असलेली अंडीसुद्धा कोणाला दिसत नाहीत.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की कोवळी मुळं गुदमरून मरतात आणि कुजवणाऱ्या बुरशींचं फावतं. मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाड वरून अगदी तहानलेलं दिसतं. माणूस घाबरून आणखी एक बादली ओततो. खताचंही तसंच. दुखऱ्या मुळांभोवती रासायनिक खताचे क्षार वाढले की मुळांना आहे तेवढंही पाणी घेता येत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि मग कडा करपल्या म्हणून पुन्हा खत!

पटत नसेल तर पुरंदर तालुक्यात जाऊन या. दिवे, सोनोरी, गुरोळी या सासवडच्या आसपासच्या गावांतल्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हा पर्जन्यछायेचा भाग. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची आणि खाली मुरूम. तिथला बागायतदार बहर धरण्याआधी बागेचं पाणी मुद्दाम तोडतो, झाडाला ताण देतो, पानं झडू देतो. मग छाटणी करून खत-पाणी सुरू करतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र याच तालुक्यात जाधववाडीला आहे, आणि अंजिराच्या लागवडीबद्दल विद्यापीठाचं सांगणंही निचऱ्याच्या जमिनीपासूनच सुरू होतं. ज्या झाडाला शेतकरी ठरवून तहानेवर ठेवतो, त्याला आपण बंगल्याच्या आवारात काळ्या चिकण मातीत लावतो आणि लॉनबरोबर रोज भिजवतो.

तेव्हा नळ उघडण्याआधी बोट मातीत दोन-तीन इंच खुपसा. आत ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. सकाळीही पानं लोंबलेली आणि माती ओली असेल, तर दुखणं मुळात आहे. कुंडीतलं झाड असेल तर सरळ बाहेर काढा. निरोगी मूळ फिकट रंगाचं आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी पडतं, त्याला आंबूस वास येतो आणि चिमटीत धरल्यावर साल सुटून हातात येते. कुजलेलं सगळं धारदार कात्रीने कापा, बुडाला मोठी भोकं असलेल्या कुंडीत माती, जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावा, आणि ती बशी फेकून द्या. मुळांचा गच्च वेटोळा झाला असेल, तर मात्र गोष्ट उलटी आहे: घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि झाड खरोखरच तहानलेलं राहतं. अशा वेळी बाहेरची मुळं थोडी छाटून मोठी कुंडी द्या. जमिनीतल्या झाडाभोवती पाणी साचत असेल तर उताराकडे चर काढा आणि आळं मोडून बुंध्याशी भर घाला.

यानंतर काय करायचं? काहीही नाही. नवी फूट येईपर्यंत खत बंद, पाणी माती वरून सुकल्यावरच. झाड जिवंत आहे का ही शंका असेल तर फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा. कोरडं तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत फांदी मागे छाटत या. शेंडा पूर्ण वाळला तरी अंजीर बुंध्यापासून फुटू शकतं, त्यामुळे उपटायची घाई नको. छाटताना हातमोजे घाला. अंजिराचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात. आणि हो, चीक गळणं हा रोग नाही.

पावसाळ्यातल्या पानगळीचं दुसरं मोठं कारण तांबेरा. पान उलटून बघा: खाली पिवळसर तपकिरी, गंजासारखी पूड दिसेल. ही बुरशी आहे. पाणी वाढवून ती जात नाही आणि ताक शिंपडूनही नाही. गळलेली पानं झाडाखाली कुजू देऊ नका, गोळा करून नष्ट करा. एक टक्का बोर्डो मिश्रण घरीही होतं: प्रत्येक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना, अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे विरघळवून, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करायचं. लोखंडी पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. फळं पिकायला आली असतील तर फवारू नका.

बाकीचे गैरसमज झटपट. बुंध्याला गेरू फासल्याने आतला खोडकिडा मरत नाही; भुसा पडणाऱ्या भोकात तार घालून अळीच मारावी लागते. छाटणीने झाड खचतं, हेही चूक. अंजिराला फळ नव्या फुटीवर येतं. फळासाठी नर झाड शेजारी लागतं असं सांगणारे नर्सरीवाले भेटतात. आपल्याकडच्या पूना अंजिराला परागीभवन लागतच नाही. म्हणूनच “अंजिरात मेलेली माशी असते” हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा शोधही त्याला लागू नाही. माशी लागते ती स्मर्ना गटातल्या जातींना, तुर्कस्तानात सुकवण्यासाठी पिकवतात त्यांना.

इतकं करूनही झाड गेलं, तर उपटल्यावर मुळांवर गाठी आहेत का ते जरूर पाहा. असल्या तर ते सूत्रकृमींचं काम, आणि ते मातीतच राहतात. त्या खड्ड्यात लगेच दुसरं अंजीर लावू नका. नवं कलम दुसऱ्या, निचऱ्याच्या जागी लावा आणि जुन्या जागेवर एक हंगाम झेंडू घ्या.